दीड इंच

जुन्या मोटारींच्या छायाचित्रांत अलीकडे एक बैठक वारंवार दिसते. चाकं मडगार्डच्या आत शिरलेली, दारांखालचा पत्रा जमिनीला टेकायच्या बेतात, गाडी जणू दबा धरून बसलेली. प्रीमियर पद्मिनीला ही बैठक शोभते, हे आधीच कबूल केलेलं बरं. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट ११०० चा हा अवतार घडवला. १९६४ मध्ये तो ‘डिलाइट’ होता, १९७४ पासून ‘पद्मिनी’. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली आणि कष्टकऱ्यांची ही गाडी हौशी लोकांची झाली. हौस आली की नटवणं आलं, आणि नटवण्यात गाडी खाली उतरवणं आलं. मात्र शिर्डीजवळच्या राहात्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाने पद्मिनी दीड इंच खाली घेतली, तर त्या दीड इंचात तो नेमकं काय विकतो, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

विकली जाते ती चाकाची चाल. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत, मागे अखंड धुरी आणि तिला दोन्ही बाजूंनी पाटे. खड्डा आला की चाक वर-खाली होतं आणि स्प्रिंग तो धक्का गिळते. गिळायला जागा लागते. गाडी उभी असताना चाकाला वर सरकायला तीन इंच मोकळे आहेत असं धरू. गाडी दीड इंच उतरवली की त्यातले दीडच उरतात. तेवढ्या जागेत पूर्वीइतकाच धक्का रिचवायचा तर स्प्रिंग दुप्पट ताठ करून भागत नाही, चौपट ताठ लागते, कारण स्प्रिंग जी ऊर्जा साठवते ती दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आता गॅरेजमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती सातास आठ या प्रमाणात ताठ होते, म्हणजे जेमतेम चौदा टक्के. पाहिजे तीनशे टक्के जास्त, मिळाले चौदा. मधली तफावत रबराचा ठोकळा भरून काढतो, आणि तोही संपला की चासी, बॉडीचे सांधे आणि मागच्या सीटवर बसलेल्यांची कंबर.

त्यात कापण्याची पद्धत. गॅसच्या ज्योतीने वेढा उडवला की त्या टोकाशी पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे तिथेच स्प्रिंग बसते किंवा मोडते. कारखान्यात सपाट केलेलं टोक जातं, त्यामुळे ती आपल्या खोबणीत नीट टेकत नाही. मागच्या बाजूला तर आणखी गंमत होते. पाट्यांच्या जुडग्यातला एक पाटा काढला की गाडी खाली बसते खरी, पण स्प्रिंग ताठ व्हायच्या ऐवजी मऊ होते. गरज नेमकी उलटी असते. शिवाय पाटे नुसतं वजन पेलत नाहीत. धुरीला जागेवर धरून ठेवणं, ब्रेक मारल्यावर तिला पीळ पडू न देणं, हेही त्यांचंच काम. ॲम्बेसेडरवाल्यांना मोह अधिक, कारण तिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पिळाची दांडी आहे, टॉर्शन बार. दांडीचं मागचं टोक थोडं फिरवून बसवलं की गाडी उतरते, कापाकापी नाही, खर्च नाही. पण दांडी तीच, तिचा ताठपणाही तोच. फक्त चाल कमी झालेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गाडी खाली घेतली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी झुकते, पकड वाढते. यात तथ्य आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास धरला तर चार सेंटिमीटर उतरवल्यावर वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार आठेक टक्क्यांनी घटतो. पण झुकणं त्या एकाच आकड्यावर ठरत नाही. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तोही चाकांच्या बाहूंचे कोन बदलले की खाली जातो, आणि पुढच्या दुहेरी बाहूंच्या रचनेत तो अनेकदा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. मग कलवणारी तरफ लांब होते आणि गाडी पूर्वीहून अधिक कलू शकते. शर्यतीच्या गाड्या खाली असतात, कारण त्यांचे बाहू, शॉकअप, टायर, सगळं त्या उंचीसाठीच आखलेलं असतं आणि खाली रस्ता आरशासारखा असतो. १०८९ सीसीच्या, चाळीसच्या आसपास अश्वशक्तीच्या पद्मिनीला वळणावर पकड कमी पडते अशी तक्रार करणारा मालक शोधूनच काढावा लागेल. राहात्याच्याच जिल्ह्यात, नगरजवळच्या वाहननगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. लष्कराच्या गाड्या स्वीकारण्याआधी तिथे चाचणीच्या खडतर वाटांवर त्यांची हाडं खिळखिळी करून पाहतात. गॅरेजमध्ये उतरवलेल्या गाडीची चाचणी घरी जाताना होते.

आणि ही घरी जायची वाट राहात्याची आहे. गावातून जाणारा नगर-मनमाड रस्ता, त्यावर शिर्डीची वर्दळ, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाऱ्या. गतिरोधकाचंच गणित घ्या. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, कासवाच्या पाठीसारखा. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.३४ मीटर. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात, सहा सेंटिमीटर वर उचललेली, आणि पोटाखालची जागा फक्त चारने घटते. आता तोच दहा सेंटिमीटरचा गतिरोधक हातभर रुंद करा, जसा गल्लीबोळात रातोरात उगवतो. पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून चढायची, आणि पोटाखालचे पूर्ण दहा सेंटिमीटर गेलेले. उतरवलेल्या गाडीचे आणखी चार. डिकीत पेरूचे क्रेट आणि मागे तीन माणसं असतील तर विचारूच नका. मग इंजिनाचा ऑइल चेंबर नाही तर सायलेन्सर, यातलं काहीतरी एक डांबराला भेटतं. चेंबर फुटून तेल गेलं आणि दाबाच्या दिव्याकडे लक्ष नसलं, तर बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही.

रस्ते सुधारले की, असं कुणी म्हणेल. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तो इथून हाकेच्या अंतरावर आहे. खरं आहे. पण पद्मिनी काही महामार्गावर राहत नाही. गाडीची उंची प्रवासातल्या सर्वांत वाईट शंभर फुटांसाठी ठरवायची असते, आणि ते शंभर फूट बहुधा घराच्या फाटकाशीच असतात.

‘गाडी माझी, आवड माझी’ हा आक्षेप मात्र मला जास्त वजनदार वाटतो. मोटार ही शोभेचीही वस्तू आहे. पण ज्यांनी ही शोभा धर्मासारखी पाळली त्या कॅलिफोर्नियातल्या लोरायडरवाल्यांकडे पाहावं. १९५८ मध्ये तिथल्या कायद्याने चाकाच्या रिमपेक्षा खाली गाडीचा कुठलाही भाग येऊ देण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले: दिमाख दाखवताना खाली, रस्त्यावर वर. पोलिसांना चुकवायला निघालेली युक्ती, पण तिने नकळत एक तडजोडही शोधली. आपल्याकडे कायद्याची बाजू वेगळी आहे. आरसी बुकात जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते, म्हणून काहीही चालतं असा समज आहे. पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची तर ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. पहिल्या पद्मिनी आता त्याच वयात येत आहेत. बदल करायचाच असेल तर मूळ स्प्रिंगा-पाटे तेल लावून जपून ठेवावेत आणि गाडीचा एकही भाग कापू नये, म्हणजे परतीची वाट राहते.

तरी त्याआधी फीतपट्टी घ्यावी. बऱ्याच जुन्या गाड्या उतरवायची गरजच नसते, वयानेच त्या उतरलेल्या असतात. पाट्यांची कमान वर्षानुवर्षांच्या ओझ्याने सपाट होते, स्प्रिंगा दबतात, बुश झिजतात. सपाट जागेवर, टायरमध्ये सारखी हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही कोपऱ्यांना घ्यावं. पाटे काम करणाऱ्या कारागिराकडून पुन्हा कमान देऊन, पाणी देऊन घेता येतात आणि गाडी मूळ उंचीवर येते. माप घेताना उजवी बाजू थोडी खाली भरली तर दचकायचं कारण नाही. बाकीच्या सीटा कधी भरल्या, कधी रिकाम्या राहिल्या. ड्रायव्हर मात्र इतकी वर्षं त्याच बाजूला बसत आला आहे.