ड्यूटी बदलली, पँट घट्ट झाली

एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर पाचच वर्षांनी लंडनच्या बसगाड्यांवरून वैद्यकशास्त्राला एक मोठी गोष्ट कळली, ती मात्र फारशी कोणाला माहीत नाही. डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर, राहणीमान साधारण सारखेच. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या चढणारा. सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की कंडक्टर मंडळींत हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा व सौम्य होतो. १९५३ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. टपाल खात्यातही तीच तऱ्हा. पायी व सायकलवर पत्रे वाटणारा पोस्टमन सुखरूप आणि खुर्चीवर बसणारा कारकून धोक्यात.

मॉरिस यांनी पुढे एक गमतीचे काम केले. बस कंपनीकडून गणवेशाची मापे मागवून घेतली. प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरच्या पँटची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी निघाली! हे डॉक्टर स्वतः ९९ वर्षे जगले.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या जिल्ह्यात रोज कोणी ना कोणी कंडक्टरचा ड्रायव्हर होत असतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. एम.आय.डी.सी.त वीस वर्षे मशीनवर उभा राहिलेला माणूस सुपरवायझर होतो. पेढे वाटतो, आणि केबिनमध्ये जाऊन बसतो. सायकलने शाळेत जाणारे गुरुजी बदली झाल्यावर मोटारसायकल घेतात. सुप्याच्या कारखान्यात नवी नोकरी लागते, तेव्हा कंपनीची बस दारापासून दारापर्यंत नेते. गृहिणींचेही काम बदलले आहे. पाटा-वरवंटा गेला, धुणे यंत्राकडे गेले. हे सारे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ७० किलोचा माणूस रोज पाच किलोमीटर चालत असेल, तर त्यात साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. ते चालणे थांबले आणि जेवण तेवढेच राहिले, तर उरलेल्या उष्मांकाचा थोडा भाग जरी अंगावर साठला तरी वर्षाला दोन-तीन किलो वजन वाढायला वेळ लागत नाही. पँट घट्ट झाली की माणूस धोब्याला आणि शिंप्याला दोष देतो.

त्यातच नोकरीबरोबर जेवणाची जागा बदलते. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री अकराला चौघे मिळून ढाब्यावर, पगार झाला की कुटुंबासह हॉटेलात, गिऱ्हाइकाला किंवा साहेबाला घेऊन हायवेवर. पूर्वी बाहेरचे जेवण म्हणजे लग्न, जत्रा किंवा प्रवास. आता आठवड्याला एकदा तर ठरलेलेच. मी रुग्णांना बाहेर जेवू नका असे सांगत नाही, कारण ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. पण मिसळीवरच्या तर्रीचा हिशेब जरूर सांगतो. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, त्यात जवळजवळ १३५ कॅलरी. तेवढ्या खर्चायला ७० किलोच्या माणसाला जवळजवळ दोन किलोमीटर पळावे लागते. एका चमच्यासाठी! पनीरच्या भाजीवर तरंगणारे लोणी, बटर नान, तळलेला पापड यांचा हिशेब आपण घरीच करावा. म्हणून 'तर्री वेगळ्या वाटीत द्या' असे सांगावे, रोटी साधी मागवावी, एक भाजी दोघांत घ्यावी, कांदा-काकडी आधी खावी. वेटर हसला तर हसू द्यावे. आणि रात्री जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, निदान दोन तास जाऊ द्यावेत. रात्रपाळीवाल्यांच्या छातीतील जळजळ निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्यानेच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

जळजळीच्या विषयाकडे पुन्हा येऊच.

आता पँट घट्ट झालेल्या माणसाला चाळिशीत एक दिवस जाग येते आणि तो पळायचे ठरवतो. अलीकडे ही लाट मोठी आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून, मुंबईची २००४ पासून आणि साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ पासून. नात्यातला कोणी तरी एखाद्या शर्यतीत पळून येतो, गळ्यातल्या पदकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, आणि 'तो पळतो तर मी का नाही' असे होते. हौस उत्तम आहे. माझे भांडण घाईशी आहे. पहाटे वाडिया पार्कवर किंवा भिंगारच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरे सोळाशे मीटर पळत असतात. विशीतल्या त्या पोरांच्या मागे पंचेचाळिशीचा, बारा वर्षे खुर्चीवर बसलेला गृहस्थ पहिल्याच दिवशी धावू लागतो. त्याच्या गुडघ्याचे काय व्हायचे ते होतेच, पण मला काळजी त्याच्या हृदयाची वाटते.

येथे अमेरिकेतील जिम फिक्स यांची हकिकत सांगतो. हे गृहस्थ पस्तिशीपर्यंत लठ्ठ होते आणि रोज दोन पाकिटे सिगारेट ओढत. मग पळू लागले, सिगारेट सुटली, वजन उतरले. १९७७ साली त्यांनी धावण्यावर पुस्तक लिहिले, ते प्रचंड खपले आणि अमेरिका पळू लागली. २० जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, पळतानाच त्यांना हृदयविकाराने मृत्यू आला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात बंद झालेल्या आढळल्या. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. लोकांनी यावरून 'पळण्याने माणूस मरतो' असे अनुमान काढले. मला ते पटत नाही. त्या घराण्याचा इतिहास पाहता पळण्याने त्यांना काही वर्षे जास्तच मिळाली असावीत. पण पळण्याने जुने अडथळे धुऊन निघत नाहीत, हे मात्र खरे.

धोका किती? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंपैकी ५९ जणांचे हृदय पळताना किंवा शर्यत संपताच बंद पडले. म्हणजे सुमारे एक लाख ८४ हजारांत एक. हा आकडा लहान आहे आणि त्याने घाबरून घरी बसणे शहाणपणाचे नाही. पण आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा पाच ते दहा वर्षे आधी गाठतो, मधुमेह घरोघरी आहे आणि पुष्कळांनी रक्तदाब कधी मोजलेलाही नसतो. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी, आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला आहे त्यांनी वय कमी असले तरी, आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहावे. साधा कार्डिओग्राम झोपून काढतात. तो चांगला आला म्हणजे पळायला परवाना मिळाला असे नाही. गरज वाटल्यास डॉक्टर पट्ट्यावर चालवून ट्रेडमिल टेस्ट करायला सांगतील. तीही शंभर टक्के खात्रीची नाही, म्हणूनच पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

पळताना, चढ चढताना किंवा भरभर चालताना छातीच्या मधोमध दडपण येते, घशात आवळल्यासारखे होते, जबडा किंवा डावा हात जड पडतो, नाही तर पोटाच्या वरच्या भागात जळजळते, आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत बरे वाटते. याला आपली मंडळी 'गॅस' म्हणतात, सोडा पितात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळतात. जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर होणारी जळजळ बहुधा पित्ताची असते. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी मात्र हृदयाची समजावी, तपासणीत तसे नाही असे ठरेपर्यंत. मधुमेह्यांना तर दुखतही नाही, नुसता दम लागतो किंवा दरदरून घाम सुटतो. असे एकदा जरी झाले तरी पळणे बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. थांबूनही त्रास कमी होत नसेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तपासणीत सर्व ठीक असेल तर पहिले सहा आठवडे नुसते चालावे, रोज अर्धा तास. मग एक मिनिट हळू पळणे आणि तीन मिनिटे चालणे, असे करत वाढवावे. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा वेगाचा साधा नियम. तीन-चार महिन्यांत पाच किलोमीटर झाले तर पुष्कळ झाले. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर, तिचा विचार त्यानंतर आणखी सहा महिन्यांनी. चांदबिबी महालाचा घाट हा सुरुवातीचा रस्ता नव्हे! थर्ड शिफ्ट करून आल्यावर पळू नये, आधी झोपावे. सर्दी-तापातही पळू नये. उन्हाळ्यात उजाडताच उरकावे. तहान लागेल तसे पाणी प्यावे, उगाच तांब्यावर तांब्ये रिचवू नयेत, त्यानेही रक्तातील क्षार कमी होऊन माणूस बेशुद्ध पडतो. गुडघा दुखतो म्हणून पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची नवी पद्धत पाहतो आहे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर पळताना एकदम उतरते, त्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. स्त्रियांनी पळायला लागण्याआधी हिमोग्लोबिन पाहून घ्यावे, थकव्याचे कारण बहुतेक वेळा तेथेच सापडते.

मैदानावर एखादा पळता पळता कोसळला, हाक मारून हलला नाही आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला पाठीवर सपाट झोपवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, जोराने दाबावे. छाती निदान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दाबणारा दमला की दुसऱ्याने जागा घ्यावी, मध्ये खंड पडू देऊ नये. वर सांगितलेल्या अमेरिकन धावपटूंपैकी जे वाचले, त्यांच्याजवळ बहुधा असे छाती दाबणारे कोणी तरी होते. गाडी येईपर्यंत दाबत राहावे.