काळ्या रानासाठी बारमाही क्वाड

परभणीहून हिंगोलीकडे जाताना झिरो फाटा मागे पडला की हट्टा येतं, पुढे जवळा बाजार आणि मग औंढा नागनाथ. या पट्ट्यात डांबरी सोडून कुठल्याही अंगाला शंभर पावलं उतरा, पायाखाली काळी येते. सोयाबीन, कापूस, ऊस, हळद, सगळं हिच्याच जिवावर. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातही या मातीचा वाटा मोठा. आणि याच मातीत वर्षाचे बाराही महिने स्पोर्ट क्वाड चालवायची झाली तर कोणती घ्यावी, हा माझा कित्येक वर्षांचा आवडीचा विषय आहे.

क्वाड म्हणजे चार फुगीर टायरांची, हँडलने वळवायची, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची गाडी. तिच्यात दोन जाती. एक कामाची: वजनदार, पुढेमागे सामानाचे कॅरिअर, बहुधा चारही चाकांना ओढ. दुसरी स्पोर्ट: हलकी, बुटकी, लांब हालचालीचं सस्पेन्शन, ओढ फक्त मागच्या चाकांना, बसायला एकच माणूस. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या गाड्या आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेल्या असतात. दुबईला गेलेली आपली मंडळी तिथल्या लाल वाळूच्या टेकड्यांवर क्वाड चालवून येतात आणि गावी आल्यावर तशीच एक घ्यायची म्हणतात. पण वाळूवर शिकलेलं काळ्या रानात फारसं उपयोगी पडत नाही. वाळूतून पाणी निघून जातं, काळी पाणी धरून बसते. गाडी निवडताना पहिला विचार इथूनच सुरू व्हायला हवा, आणि तरुण मंडळी तो सीसीपासून सुरू करतात.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांची एटीसी ९० आणली. सुझुकीने ८०च्या दशकाच्या सुरुवातीला चार चाकांची क्वाडरनर आणली आणि १९८५ मध्ये एलटी २५० आर ही खरी स्पोर्ट क्वाड. पाठोपाठ होंडाची टीआरएक्स २५० आर, यामाहाची बॅन्शी. तीनचाकी फार उलटायच्या, म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. डाकार रॅलीत क्वाडचा स्वतंत्र गट २००९ ते २०२४ होता आणि जिंकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मांडीखाली यामाहाची रॅप्टर ७०० असायची. एवढं पुरे.

आता मातीकडे येऊ. दख्खनचा काळा पाषाण झिजून झालेली ही माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळालं की ती फुगते, उन्हात आकसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, नांगरलेलं असेल तर ढेकळं दगडासारखी होतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की वरचा थर भिजतो, खालचा कोरडाच राहतो, आणि त्या पातळ रबडीवर टायर घसरगुंडी करतात. आर्द्रा ओलांडली की खोलवर गाळ होतो आणि चिखल चाकाला धरून वर येऊ लागतो. मग पावसाची उघडीप मिळते, चार दिवस ऊन पडतं आणि रान वापशावर येतं. अशा रानात क्वाड चालवण्यासारखं सुख नाही. माती मऊ असते पण चिकटत नाही, टायर बरोब्बर चावतो, धूळ नसते, आणि मागची चाकं मारली की गाडी हवी तेवढीच सरकते. हट्ट्याच्या शिवारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, ढेकूळ मुठीत दाबून पाहा. फुटलं तर गाडी घाला, लोळा झाला तर घरी जा." वखर घालायचा की नाही हे ज्याने ठरवतात, त्यानेच क्वाडही ठरते.

बारमाही चालवायची म्हणजे रोज चालवायची असं नाही. भर पावसात लोळा होणाऱ्या रानात स्पोर्ट क्वाड घालणं म्हणजे गाडीचेही हाल आणि रानाचेही. चाकाखाली दबलेली ओली काळी विटेसारखी घट्ट होते आणि पुढच्या पेऱ्याला त्रास देते. आपल्याच रानात चालवायची असली तरी बांधाकडेची, पड जमिनीची, मुरमाड चढाची वाट पावसाळ्यासाठी राखून ठेवावी.

माझं सगळं लक्ष असतं ते गाडीच्या मागच्या भागाकडे. स्पोर्ट क्वाडला मागे एकच सरळ दांडा असतो, ॲक्सल. दोन्ही चाकं त्याला पक्की जोडलेली, डिफरन्शियल नसतं. त्यामुळे चिखलात एक चाक अधांतरी फिरलं तरी दुसरं ओढतं, हा मोठा फायदा. पण कोरड्या कडक जमिनीवर वळताना आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच फिरतं, गाडी सरळ जायला बघते, आणि चालवणाऱ्याला आतल्या बाजूला अंग टाकून मागचा भाग सरकवावा लागतो. क्वाडचं थ्रॉटल अंगठ्याने दाबायचं असतं त्याचं एक कारण हेच: एवढं अंग टाकताना मुठीचं थ्रॉटल आपोआप पिळलं जाईल.

या ॲक्सलच्या मध्यावर चेनचं मोठं चक्र आणि ब्रेकची डिस्क लटकलेली असते. गाडीचा सगळ्यात खालचा भाग तो. रॅप्टर ७०० चा जमिनीपासूनचा मोकळा भाग जेमतेम ११ सेंटीमीटर आहे. आता आपली पाणंद डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. क्वाडची रुंदी साधारण पावणेचार फूट, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचं अंतर त्याहून जास्त. म्हणजे क्वाडचं एक चाक चाकोरीत गेलं की दुसरं उंचवट्यावर चढतं आणि गाडी कलंडलेली चालते. दोन्ही चाकं वर ठेवायची तर तोल सांभाळत जावं लागतं, आणि जरा घसरलं की चक्र आणि डिस्क उंचवट्यावर घासतात. राज्य सरकारच्या मातोश्री योजनेतून जिथे पाणंदीवर खडी-मुरूम पडलाय तिथे हा त्रास नाही. बाकी ठिकाणी चक्राखाली जाड ॲल्युमिनियमचं रक्षक पान लावून घेतल्याशिवाय मी कुणालाही जाऊ देत नाही.

उंची वाढवायचा सोपा उपाय टायरचा. मागे २० इंच व्यासाऐवजी २२ इंची टायर टाकला की ॲक्सल एक इंच वर जातो. त्याने गाडी जड ओढल्यासारखी वाटते, म्हणून पुढच्या लहान चक्राचा एक दात कमी करायचा. टायरची नक्षी निवडताना गोट्या दूर दूर असलेली घ्यावी. जवळ जवळ गोट्यांचा टायर दुकानात देखणा दिसतो, पण काळी दोन गोट्यांमध्ये एकदा बसली की निघत नाही आणि टायर गुळगुळीत लोळा होतो. दूरच्या गोट्यांतून चाकाने वेग घेतला की चिखल फेकला जातो. हवा ४ ते ५ पीएसआय, एवढीच. पेट्रोल पंपावरचा काटा इतकं कमी दाखवतच नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज खिशात हवा. उन्हाळ्यात ढेकळांवर चालताना मी अर्धा-एक पीएसआय वाढवतो, नाहीतर रिमला धक्का बसतो.

मग चेन. चिखल आणि मुरमाची कच मिळून चेनवर सहाणेचं काम करतात. ओ-रिंगची चेन असेल तर आतलं ग्रीस टिकतं, साधी असेल तर एका पावसाळ्यात ताणून लांब होते. मोठ्या स्पोर्ट क्वाडला लागते ती ५२० मापाची चेन, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे केटीएम ३९० ड्यूकला आणि बजाज डॉमिनारला हेच माप आहे. म्हणजे परभणी-नांदेडला ती मिळू शकते, फक्त कड्या मोजून जोडायची. दुसरा मार्ग शाफ्टचा. होंडाच्या टीआरएक्स २५० एक्सला चेनच नाही, मागच्या चाकांपर्यंत बंद नळीतला दांडा जातो. शिवाय क्लच आपोआप, इंजिन हवेवर थंड होणारं २२९ सीसीचं. रॅप्टरवाले या गाडीकडे मुलांची गाडी म्हणून बघतात. माझ्या मते काळ्या रानात बारा महिने सगळ्यात कमी कुरबुर करणारी स्पोर्ट क्वाड हीच. तिच्यावर उडी मारता येणार नाही, वेगाची हौस भागणार नाही, पण श्रावणातल्या संध्याकाळी चेन साफ करत बसावं लागणार नाही.

ज्याला वेगही हवा त्याने ४०० च्या आसपास थांबावं. सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड ४०० मला फार आवडते. ३९८ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन, पाच गिअर आणि रिव्हर्स. रिव्हर्स हा शब्द ठळक वाचा. धुऱ्याला नाक लावून अडकलेली जवळपास दोनशे किलोची गाडी चिखलात मागे ओढून बघा, मग रिव्हर्सची किंमत कळते. ७०० ची रॅप्टर सुंदर यंत्र आहे, पण वापशाचे दिवस सोडले तर तिच्या ताकदीचा इथे उपयोग होत नाही. ओल्यात चाक जागेवर फिरतं आणि खड्डा करतं.

हीच झेड ४०० आणि सोबत ओझार्क २५० सुझुकीने २०१४ मध्ये भारतात अधिकृतपणे आणली होती. दिल्लीतली किंमत अनुक्रमे ८.५० लाख आणि ५.४५ लाख. ओझार्क दिसायला कामाची, पण मागच्याच चाकांना ओढ, शाफ्ट, ऑटोमॅटिक क्लच आणि रिव्हर्स. वापरलेली चांगली मिळाली तर हट्ट्यासाठी डोळे झाकून बघावी अशी. होंडा-यामाहाच्या स्पोर्ट क्वाड आपल्याकडे शोरूममध्ये नाहीत, आयात झालेल्या हातोहात फिरतात. पोलारिसने भारतात २०११ मध्ये काम सुरू केलं. त्यांची फिनिक्स २०० पट्ट्यावर चालणारी, नवशिक्याला सोपी, पण पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरलं की पट्टा घसरतो आणि गाडी जागची हलत नाही. ११०-१२५ सीसीच्या स्वस्त चिनी गाड्या अंगणात ठीक. काळ्या रानात त्यांचे सांधे आणि बेअरिंग एक पावसाळा काढत नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, हळू वेगात, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा चालू राहायला हवा आणि रेडिएटरच्या जाळीत पावसाळ्यातला वाळलेला चिखल उरलेला नको. तो सुईने उकरू नये, पाण्यात भिजवून मागच्या बाजूने हलक्या धारेने काढावा. हवेचा फिल्टर फोमचा असतो, धुळीच्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर धुऊन, पिळून, वाळवून फिल्टरचं तेल लावायचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. कार्ब्युरेटरची जुनी क्वाड असेल तर नळ्या बदलून घ्या, आणि भर पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

कायद्याचं लवकर सांगतो. स्पोर्ट क्वाडची आरटीओत नोंदणी होत नाही, म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. हट्ट्यापासून जवळा बाजारपर्यंत न्यायची तरी ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टरच्या वर्गात नोंदवून रस्त्यावर आणली गेली होती, पण ती कामाची गाडी. क्वाड्रिसायकल म्हणून ज्याला मान्यता आहे ती बजाजच्या क्यूटसारखी छताची गाडी, तिचा याच्याशी संबंध नाही. कालव्याचा रस्ता मोकळा दिसतो म्हणून तिकडे जाऊ नये, तो पाटबंधारे खात्याचा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. गावात मोटारसायकलवर तिघं बसायची सवय आहे. स्पोर्ट क्वाडवर मागे कुणालाही बसवू नका. सीट लांब दिसते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून. मागे माणूस बसला की चढावर पुढची चाकं उचलतात आणि गाडी दोघांच्या अंगावर येते. मोठ्या इंजिनाच्या गाडीवर सोळा वर्षांखालचं पोर नको. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, आणि मनगटाला बांधायची दोरी, जी सुटली की इंजिन बंद पडतं.

वापरलेली बघायला जाल तेव्हा गाडी धुतलेली नको, आहे तशी दाखवा म्हणावं. मागचा भाग जॅकवर उचला, एका चाकाला वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर ॲक्सलच्या खोबणीतलं बेअरिंग गेलंय. चाक हाताने फिरवून ॲक्सल वाकलाय का ते डोळ्याने पाहा, रिमची कड वरखाली नाचली तर वाकलाय. पुढच्या ए-आर्मचे बॉल जॉइंट, हँडलचा दांडा, मग फ्रेमवर जिथे फुटरेस्ट जोडलाय तिथला रंग: तडा असेल तर आधी तिथेच गंज दिसतो. एअर फिल्टरचा डबा उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. बोटाला काळी माती लागली तर ती इंजिनातही गेलेली आहे. शेवटी आयातीचे कागद, सीमाशुल्क भरल्याची पावती आणि फ्रेमवरचा नंबर तीनही जुळवून बघा, आणि मगच पैशाचं बोला.