विझलेला दिवा बरा, खोटा नको

काल्हेरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाळ्यात मंडळी रात्री वाऱ्याला बसतात. जुन्या आग्रा रोडवर गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर चालूच असते. आकाश स्वच्छ असले की दक्षिणेला, ठाण्याच्या पलीकडे, दिव्यांचे ठिपके एकामागून एक पश्चिमेकडे सरकताना दिसतात. ती मुंबईला उतरणारी विमाने. माझी नोकरी धावपट्टीच्या दिव्यांच्या देखभालीत गेली हे शेजारच्या मुलांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न ठरलेला, "काका, एवढ्या अंधारात पायलटला रनवे दिसतो कसा?"

खरे सांगायचे तर रनवे त्याला दिसतच नाही. दिसतात ते फक्त दिवे. क्रिकेटच्या मैदानासारखे मोठे झोत लावून धावपट्टी उजळत का नाहीत, असे अनेकांना वाटते. पण कशेळीच्या पुलावर समोरून एखादा ट्रक हेडलाइट भरून आला की आपले काय होते ते आठवा. डोळे दिपतात आणि रस्ता नाहीसा होतो. वैमानिकाचेही तसेच होईल. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि तो सराव एका झोताने क्षणात मोडतो. म्हणून धावपट्टीचे दिवे उजेड पाडण्यासाठी नसतात, खूण सांगण्यासाठी असतात.

ही खुणांची भाषा जगभर एकच आहे. धावपट्टी जिथे सुरू होते तिथे हिरव्या दिव्यांची आडवी रांग, संपते तिथे लाल दिव्यांची. दोन्ही कडांना पांढरे दिवे, एकमेकांपासून जास्तीत जास्त ६० मीटरवर. मोठ्या धावपट्टीवर शेवटच्या ६०० मीटरमध्ये कडेचे दिवे पिवळे होतात. जिथे मधल्या रेषेवरही दिवे असतात तिथे शेवटचे ९०० मीटर उरले की पांढऱ्यात लाल मिसळू लागतो आणि शेवटच्या ३०० मीटरमध्ये सगळे लाल होतात. पाटी न वाचता, मैलाचा दगड न बघता, किती जमीन उरली हे वैमानिकाला रंगावरून कळते. टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे असतात, म्हणजे विमान चुकूनही त्यावर उतरू नये.

धावपट्टीच्या अलीकडेही दिव्यांची एक वाट असते. मोठ्या विमानतळावर ती सुमारे ९०० मीटर लांब असते आणि तिला आडव्या पट्ट्या असतात. ही रचना दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात कॅल्व्हर्ट यांनी बसवली. आडव्या पट्ट्या अशासाठी, की विमानाचा एक पंख कलला असेल तर तो लगेच ध्यानात यावा. साध्या उपकरण-अवतरणात वैमानिकाला सुमारे २०० फुटांवर निर्णय घ्यावा लागतो : दिवे दिसले तर उतरायचे, नाही दिसले तर पुन्हा वर जायचे. त्या उंचीवरून जमीन पंधरा-सोळा सेकंदांवर असते.

मला सगळ्यांत हुशार वाटतो तो 'पापी' नावाचा दिवा. नाव वाईट, काम पुण्याचे! धावपट्टीच्या बाजूला, बहुधा डावीकडे, चार पेट्या ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येक पेटी वरून बघणाऱ्याला पांढरी आणि खालून बघणाऱ्याला लाल दिसते, मात्र प्रत्येकीचा कोन थोडा वेगळा. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून, म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर खाली येत, बरोबर येत असेल तर दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. चारही पांढरे म्हणजे फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली.

रात्री डोळा फसतो, म्हणून हे लागते. समुद्र, रान किंवा खाडीवरून येताना खाली मिट्ट काळोख आणि समोर फक्त धावपट्टीचे दिवे असले, की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होतो आणि विमान नकळत खाली येत जाते.

अर्थात दिव्यांचे काम शेवटच्या टप्प्यातले. त्याआधी आपण नेमके कुठे आहोत हे ठाऊक असावेच लागते. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्री अलितालियाचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. आपण मुंबईच्या जवळ आलो, असा दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिकाचा समज झाला आणि विमान खाली येऊ लागले. खाली समुद्रकाठ नव्हता, जुन्नरचे डोंगर होते. दावंड्याच्या डोंगरावर ते आदळले आणि सर्व ९४ जण गेले. मुंबईचे दिवे अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होते.

आपल्या महाराष्ट्राचे रात्रीच्या उड्डाणांशी जुने नाते आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. उलट शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, पण रात्रीचे विमान उतरायला २०२५ साल उजाडले. नुसते दिवे लावले की 'नाईट लँडिंग' होत नाही. भोवतालचे मनोरे आणि टेकड्या तपासाव्या लागतात, त्यांवर लाल दिवे लावावे लागतात, रात्रपाळीची माणसे नेमावी लागतात.

आणि दिवे विझून चालत नाहीत. ज्यांनी भिवंडीतले लोडशेडिंग भोगले त्यांना हे वेगळे सांगायला नको. धावपट्टीचे दिवे गणपतीच्या मखरातल्या माळेसारखे एकसरीत जोडलेले असतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवा सारख्याच तेजाने जळतो. माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ जाते. इथे तसे होऊ नये म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या माळांवर असतात. एक माळ गेली तरी एकाआड एक दिवा चालू राहतो आणि धावपट्टीचा आकार मोडत नाही. वीज गेली तर जनरेटरने पंधरा सेकंदांच्या आत भार घ्यायचा. दाट धुक्यात उतरण्याची सोय असेल तिथे महत्त्वाच्या दिव्यांसाठी एका सेकंदाच्या आत.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक पावसाळी रात्र मी विसरलो नाही. एका वैमानिकाने कळवले, 'पापी'ची एक पेटी ना लाल दिसते ना पांढरी, गुलाबी दिसते. जाऊन पाहिले तर भिंगावर आतून दव धरले होते आणि दोन रंग एकमेकांत मिसळत होते. मी म्हणालो, "साहेब, तीन चांगल्या आहेत, चालू ठेवू. सकाळी पुसून घेऊ." साहेबांनी चारही पेट्या बंद करायला लावल्या आणि तसे टॉवरला कळवले. म्हणाले, "दिवा विझला तर माणूस सावध होतो. खोटा दिवा त्याला निर्धास्त करतो." पुढची सगळी वर्षे मी त्या एका वाक्यावर नोकरी केली.

हे वाक्य आता आपल्या सगळ्यांच्या कामाचे झाले आहे. वराती आणि मिरवणुकांत आकाशात लेझर सोडतात, गोदामांच्या छपरांवर वर तोंड केलेले झोत लावतात. खालून हिरवी रेघ बारीक दिसते. पण कॉकपिटच्या काचेवर ती पसरते आणि पुढचे काही सेकंद वैमानिकाला समोरचे दिवे दिसेनासे होतात. ते सेकंद नेमके उतरण्याचे असू शकतात. विमानतळाजवळ फसवा किंवा डोळे दिपवणारा दिवा लावायला १९३७ च्या विमान नियमांतही मनाई होती. ती निव्वळ कागदी नव्हती.

गच्चीवरची मुले आता विमान दिसले की रंग मोजत नाहीत, आपल्या दिव्यांकडे बघतात. परवा त्यांच्यातल्याच एकाने मोठ्या भावाची लेझरची कांडी काढून घेतली. म्हणाला, "दादा, वर नको. वर माणसे आहेत."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)