विश्लेषण : रिंग जाते, पण दुकानातला फोन वाजतच नाही, दोष नेमका कुठे?

बीडच्या मोंढ्यातील आडत दुकान असो की अंबाजोगाईतील खासगी दवाखाना, ०२४४२ किंवा ०२४४६ने सुरू होणारा जुना क्रमांक अजूनही पाटीवर आणि पावतीपुस्तकावर छापलेला असतो. तो बंद पडल्याचे बऱ्याचदा मालकालाच सर्वांत शेवटी कळते. असे का होते?

रिंग जाते, तरी फोन बंद कसा?...
फोन करणाऱ्याला ऐकू येणारी रिंग ही तुमच्या टेबलावरच्या घंटीचा आवाज नसतो. ती एक्स्चेंज ऐकवते. त्यामुळे तांब्याची तार मध्येच तुटली, तरी पलीकडे रिंग जातच राहते आणि शेतकऱ्याला वाटते, शेठ मुद्दाम उचलत नाहीत. याउलट पावसात जोडात पाणी शिरून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर एक्स्चेंजला रिसीव्हर उचललेलाच वाटतो. मग क्रमांक सतत ‘व्यग्र’ लागतो. म्हणून रोज दुकान उघडताच मोबाइलवरून आपलाच क्रमांक लावून पाहावा. निम्मे निदान तिथेच होते.

दोष आपला की कंपनीचा?...
ईपीएबीएक्स असेल, तर आधी आतल्या आत एका एक्स्टेन्शनवरून दुसरे लावा. ते लागते, पण बाहेरचे बंद आहे? मग बाहेरून आलेली तार मशीनमधून काढून साधा फोन थेट जोडा. डायल टोन आला तर आपला मेकॅनिक बोलवा, नाही आला तर कंपनीकडे तक्रार करा. (विजा कडाडत असताना मात्र तारेला हात लावू नका.)

फायबर घेतले, आता तरी भरवसा?...
पूर्ण नाही. जुन्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून सुमारे ४८ व्होल्ट मिळत; गावची वीज गेली तरी तो चाले. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. भिंतीवरच्या पेटीला दुकानातलीच वीज लागते. यूपीएस नसेल, तर भारनियमनात फोनही गेला. दवाखान्यासाठी हा खर्च टाळण्यासारखा नाही. वीज असूनही पेटीवरचा ‘एलओएस’ दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही : पिन सैल झाली, तंतू दुमडला किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली.

भरपाई मिळते?...
ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार लँडलाइनच्या दुरुस्तीला तीन दिवसांहून अधिक लागले, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. लाइनमनला रस्त्यात गाठून सांगितलेल्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. रीतसर नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या आणि बिल आल्यावर वजावट तपासा.