सीझरच्या बायकोला कोणी विचारलेच नाही

मंत्र्याच्या मेहुण्याला सरकारी कंत्राट मिळाले किंवा न्यायमूर्तींचा मुलगा त्यांच्याच कोर्टात वकिली करू लागला, की विरोधी बाकांवरून आणि अग्रलेखांतून एक वाक्य हमखास येते: सीझरची पत्नी संशयातीत असली पाहिजे. इंग्रजीतून आलेला हा वाक्प्रचार आपल्याकडे इतका रुळला आहे की सीझरची बायको कोण आणि तिने केले काय, हे कोणी विचारत नाही. बरेच आहे म्हणा. मूळ प्रकरण सांगायला बसले, तर ज्या नैतिक तोऱ्यात हे वाक्य उच्चारले जाते तो तोरा टिकणे कठीण.

तिचे नाव पॉम्पेया. रोमचा एके काळचा हुकूमशहा सुल्ला याची ती नात, आणि ज्युलियस सीझरची त्या वेळची पत्नी. इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरात सीझर प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी होता. शिवाय रोमचा मुख्य धर्माधिकारीही तोच. बोना देआ या देवीचे व्रत त्या वर्षी त्याच्या घरी होते. आपल्याकडे मंगळागौर जागवतात तसा हा बायकांचा रात्रभराचा सोहळा. नियम मात्र कितीतरी कडक. घरधन्यानेसुद्धा बाहेर जायचे, आणि घरातली पुरुषांची चित्रेही झाकून ठेवायची.

या घरात क्लोडियस नावाचा एक तरुण शिरला. घराणे बडे, राजकारणात पुढे येण्याची घाई, आणि पॉम्पेयावर डोळा. सासूबाई ऑरेलिया सुनेवर करडी नजर ठेवून असल्यामुळे एरवी भेट अशक्य होती. दाढी-मिशी अजून फुटली नव्हती, म्हणून त्याने तंतुवाद्य वाजवणाऱ्या बाईचे सोंग घेतले. कटात सामील असलेल्या दासीने त्याला आत घेतले आणि ती मालकिणीला सांगायला पळाली. ती लवकर परतेना. एका जागी उभे राहवेना म्हणून क्लोडियस उजेड चुकवत त्या मोठ्या घरात फिरू लागला. तेवढ्यात ऑरेलियाच्या दासीने त्याला गाठले, खेळायला चल म्हणून ओढले आणि विचारले, तू कोण, कुठली? तो बोलला आणि आवाजाने घात केला. दासी किंचाळत दिव्यांकडे धावली. ऑरेलियाने व्रत थांबवले, पूजेच्या वस्तू झाकल्या, दारे लावून घेतली आणि मशाली घेऊन घर धुंडाळले. क्लोडियस सापडला तो त्या फितूर दासीच्या खोलीत. बायकांनी त्याला हाकलून दिले आणि त्याच रात्री घरोघरी जाऊन नवऱ्यांना सगळे सांगितले. हा तपशील ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिला आहे. घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहूनही त्याला यातली गंमत सोडवलेली नाही.

सीझरने पॉम्पेयाला लगेच घटस्फोट दिला. पुढच्या वर्षी क्लोडियसवर धर्मभंगाचा खटला उभा राहिला. त्या दिवशी आपण रोममध्ये नव्हतोच, दूर इंटरॅम्नाला होतो, असा त्याचा बचाव होता. प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने साक्षीत तो खोडून काढला: क्लोडियस त्याच दिवशी आपल्याकडे येऊन गेला होता. सीझरच्या आईने आणि बहिणीनेही पाहिले ते सांगितले. सीझर मात्र म्हणाला, मला या प्रकरणातले काहीच ठाऊक नाही. मग बायकोला का सोडलेस, असे विचारल्यावर जे उत्तर आले, तेच हे प्रसिद्ध वाक्य. प्लुटार्कच्या लेखी तो ‘माझी बायको’ म्हणाला. रोमन चरित्रकार स्वेटोनियसच्या मते ‘माझ्या घरची माणसे’.

आज हे वाक्य सचोटीची कसोटी म्हणून सांगितले जाते. साक्षीच्या पिंजऱ्यात ते उत्तर टाळण्यासाठी वापरले गेले होते. क्लोडियसच्या मागे रोमची गर्दी होती, आणि अशा माणसाशी वैर सीझरला परवडणारे नव्हते. आरोपीला दुखवायचे नाही आणि घराची अब्रूही राखायची, तर उरते कोण? पॉम्पेया. तिचा दोष कोणी सिद्ध केला नाही. तिची बाजू कोणी नोंदवूनही ठेवली नाही.

निकालही पाहण्यासारखा आहे. पंचांना पैसे चारले गेले, असे सिसेरोने अ‍ॅटिकस या मित्राला कळवले. पंचवीस जणांनी दोषी ठरवले, एकतीस जणांनी सोडले. प्लुटार्क म्हणतो, बहुतेक पंचांनी आपले मत मुद्दाम न वाचता येईल अशा अक्षरात लिहिले, म्हणजे गर्दीही रागावायला नको आणि उमरावही. दोनच वर्षांनी, इ.स.पू. ५९ मध्ये, सीझरच्याच मदतीने हा खानदानी क्लोडियस सामान्य घराण्यात दत्तक गेला. ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांचा प्रतिनिधी व्हायला त्याला ते आवश्यक होते. ट्रिब्यून झाल्यावर त्याने सिसेरोला हद्दपार करवले आणि त्याचे घर पाडले.

१५७९ मध्ये थॉमस नॉर्थने प्लुटार्क इंग्रजीत आणला आणि हा किस्सा इंग्रजी वाचकांच्या तोंडी आला. गैरवर्तन न करणे पुरेसे नाही, तसे दिसताही कामा नये, हा अर्थ पुढे कायद्याने स्वतंत्रपणे गाठला. इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये एका मोटारसायकलस्वाराला शिक्षा झाली, तेव्हा दंडाधिकाऱ्यांसोबत आत गेलेला कारकून त्याच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागणाऱ्या सॉलिसिटर फर्मचा भागीदार निघाला. त्याने मत दिले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. तरी सरन्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनी १९२३ मध्ये शिक्षा रद्द केली. न्याय होताना दिसलाही पाहिजे, हे सूत्र तिथले. नैतिकतेच्या चर्चेत खरे तर सीझरपेक्षा या कारकुनाचे नाव निघायला हवे.

खुद्द सीझरला ही कसोटी कधी लावली गेली नाही, असेही नाही. इ.स.पू. ४६ मध्ये गॉलच्या विजयाची मिरवणूक निघाली, तेव्हा त्याचेच सैनिक रथामागून चावट गाणी म्हणत चालले होते. या टकल्या सेनापतीपासून रोमकरांनी आपापल्या बायका सांभाळाव्यात, असा त्यांचा आशय होता.