दिवसा राम, रात्री कृष्ण

मेंढीकोटात किंवा पाच-तीन-दोनमध्ये पहिली उतारी कुणाची, हे पानं कुणी वाटली त्यावर ठरतं. दशावतारी गंजिफात ते सूर्य ठरवतो. खेळ दिवसाउजेडी मांडला असेल, तर रामाचा राजा ज्याच्या हातात आला तो भिडू डाव उघडतो. दिवेलागण होऊन रात्र झाली असेल, तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. काही ठिकाणी ऐन संध्याकाळी नरसिंहाची उतारी आणि पाऊस पडत असेल तर कूर्माची, अशीही रीत होती. दिवसाची सुरुवात रामाने करायची, हे काळारामाच्या नाशिकमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही. पण हा नियम मुळात पत्त्यांच्या खेळाचा आहे, हे ऐकून आज याच शहरातली बहुतेक घरं चकित होतील. दिवाळीच्या सुट्टीत त्या घरांत पत्त्यांचा कॅट निघतो, बदाम सात आणि झब्बू रंगतात, चॅलेंजमध्ये भांडणं होतात. त्यांच्याही आधी या मुलखात जी गंजिफाची गोल पानं खेळली जात, ती मात्र आता काचेच्या कपाटात पाहायची वस्तू झाली आहेत.

गंजिफा मोगलांबरोबर इथे रुजला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला त्याच्या आवडीचा गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या काळचे बारा रंगांचे पत्ते अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वर्णन केले आहेत, आणि अकबराने त्यांत आपल्या मनाचे फेरफार केल्याचंही सांगितलं आहे. सर्वत्र पसरला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा संच. हिंदू दरबारांनी त्याला दशावतारांचं रूप दिलं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. पंजी म्हणजे पाच मासे, सत्ती म्हणजे सात परशू. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खेळता यावं, इतकी ही मांडणी सोपी. महाराष्ट्रातल्या काही संचांत नवव्या अवताराच्या जागी बुद्धाऐवजी कमरेवर हात ठेवलेला पांडुरंग दिसतो.

ही पानं बनवणारं महाराष्ट्रातलं मोठं नाव म्हणजे सावंतवाडी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर पांढऱ्या खडूचा लेप द्यायचा, सुकला की दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, मग गोल कापून रंगवायचं आणि लाखेचा हात फिरवायचा. अशी १२० पानं, सगळी एका मापाची. एकही पान मागून ओळखू येता कामा नये, नाहीतर डावच फसला. हस्तिदंताचे दरबारी संच वेगळे आणि सामान्यांचे बाजारी संच वेगळे. मग युरोपातून छापील चौकोनी ५२ पानं आली, यंत्रावर हजारोंनी निघणारी आणि स्वस्त. एकेक पान हाताने रंगवणारा चितारी त्यांच्यापुढे टिकणं अशक्यच होतं. विसाव्या शतकाच्या मध्यात सावंतवाडीत ही कला पुंडलिक चितारी यांच्यासारख्या एखाद्या वृद्ध कारागिराच्या हातात उरली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकले, राजवाड्यातच कारागीर बसवले, आणि पानं पुन्हा रंगू लागली. आज सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर मांडी घालून बारीक कुंचल्याने मत्स्याचा राजा रंगवताना दिसतो, तो या दोघांमुळे.

इतकं सगळं झालं, तरी एक गोष्ट राहून गेली. पानं वाचली, पण डाव वाचला का? संच विकत घेणारे बहुतेक लोक तो चौकटीत लावतात किंवा पाहुण्यांना दाखवून पेटीत ठेवतात. बारा पानांचा रंग हातात धरून ‘आता कुणाकडे काय उरलं असेल’ या विचारात कपाळाला आठ्या घालणारे फार थोडे. आणि गंजिफाचं खरं वैभव त्या आठ्यांतच आहे.

कारण हा खेळ स्मरणशक्तीचा आहे. त्यात हुकमाचा वेगळा रंग नसतो. पडलेल्या रंगाचंच पान टाकलं पाहिजे अशी सक्तीही नसते. राजा सर्वांत वर, त्याखाली प्रधान, हे दहाही रंगांत समान. पण पुढची उतरंड निम्म्या रंगांत उलटी. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की या पाचांत प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शी तळाला. मेंढीकोटात दश्शीसाठी जीव टाकणाऱ्याला इथे पहिल्याच डावात धक्का बसतो. मत्स्याची दश्शी हातात आली तर ती सोनं, कृष्णाची आली तर निव्वळ भरतीचं पान.

समजा, नाशिकच्या एखाद्या घरात भाऊबीजेच्या दुपारी तिघे बसले. प्रत्येकाला ४० पानं. गोल पानांना वर-खाली नसतं, त्यामुळे ती पंख्यासारखी धरताना पहिली पाच मिनिटं सगळ्यांची तारांबळ उडते. रामाचा राजा ज्याच्याकडे, तो राजाबरोबर एक हलकं पान घेऊन उतरतो. बाकीचे दोन-दोन नकोशी पानं टाकतात आणि तो हात सर करतो. इथून पुढे प्रत्येक पडलेलं पान डोक्यात नोंदवत जायचं. मत्स्याचा राजा गेला, प्रधान गेला, म्हणजे आपल्या हातातली दश्शी आता त्या रंगात सर्वांत मोठी, कुणाला मारता न येणारी. ती गेली की नव्वी. १२० पानांत अशा दहा उतरंडी एकाच वेळी सरकत असतात, पाच वरून खाली आणि पाच खालून वर. ज्याचं लक्ष ढळलं त्याच्या हातात मारणारं पान असतं आणि त्याला ते कळतही नाही. शेवटी ज्याने जास्त हात केले तो जिंकला.

हे नियम आपल्यापर्यंत पोचण्यात एका परक्या माणसाचाही वाटा आहे. रुडॉल्फ फॉन लायडन मूळचे जर्मन, शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. नाझी राजवट आली तेव्हा ते मुंबईत आले आणि पुढे इथल्या वृत्तपत्रांत कलासमीक्षक म्हणून नावारूपाला आले. त्यांनी देशभर फिरून गंजिफाचे संच जमवले आणि त्याहून मोलाचं म्हणजे ते कसे खेळतात हे विचारून लिहून ठेवलं. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचं गंजिफावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. संग्राहक पुष्कळ असतात. वस्तूबरोबर तिचा वापरही उचलणारा विरळा.

गंजिफाच्या मानाने अगदी पोरसवदा अशा एका खेळाची गोष्ट इथे आठवते. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा तो पत्त्यांचा खेळ. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. गारफिल्ड यांचं लहानपण काही काळ बांगलादेश आणि नेपाळमध्ये गेलं होतं. या खेळात कॅट ठरलेला नसतो. जादूगार, राक्षस, मंत्र यांची पानं पाकिटांतून विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि त्यातून स्वतःचा किमान साठ पानांचा संच बांधून समोरच्याशी झुंजायचं. नव्वदच्या दशकात शाळेच्या मधल्या सुट्टीत कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं घेऊन उंची, वजन, छाती ओरडत खेळलेल्या नाशिककरांना यातली नशा चटकन कळेल. फरक इतकाच, की मॅजिकची नवी पानं तेव्हापासून दरवर्षी येत राहिली आहेत. नियमही बदलत गेले.

आणि तिथेच काही लोकांनी पाय रोवले. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात माग्नुस द लावाल आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं की आपण फक्त १९९३ आणि १९९४ साली छापलेल्या पानांनीच खेळायचं. या प्रकाराला ‘ओल्ड स्कूल ९३/९४’ हे नाव पडलं आणि तो जगभर पसरला. त्यांच्या स्पर्धेत बक्षीस पैशांचं नाही. विजेत्याला ‘जायंट शार्क’ नावाचं एक पान मिळतं. खेळाच्या दृष्टीने ते पान अगदीच साधं, पण त्यावर खेळलेल्यांच्या सह्या असतात.

जुनी पानं वापरली म्हणजे काम झालं, असं त्यांनी मानलं नाही. मॅजिकमध्ये जादूची ताकद ‘माना’तून येते. पूर्वी निर्माण केलेला माना वापरला नाही, तर खेळणाऱ्याच्या स्वतःच्याच आयुष्यातले गुण कमी होत. २००९ साली कंपनीने हा नियम काढून टाकला. स्वीडनच्या ओल्ड स्कूल मंडळींनी तो परत आणला, कारण तो नसेल तर त्या काळची पानं त्या काळासारखी वागत नाहीत. ‘केऑस ऑर्ब’ नावाचं पान तर प्रत्यक्ष हवेत उडवायचं असतं. किमान एक फूट उंचीवरून ते टेबलावर पडलं पाहिजे आणि पडताना पूर्ण उलटलं पाहिजे. ज्या पानांना ते टेकेल ती बाद. टेबलाभोवती सगळे श्वास रोखून उभे राहतात. हाताचं इतकं कसब मागणारा नियम आजच्या स्पर्धांत चालत नाही, तो इथे जपला गेला.

दुसरा जुना प्रकार ‘प्रीमॉडर्न’. तो मार्टिन बर्लिन या स्वीडिश खेळाडूने सुरू केला. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपासून २००३ च्या ‘स्कर्ज’पर्यंतच्या संचांचीच पानं त्यात चालतात. त्यानंतर लगेच आलेल्या आठव्या आवृत्तीत पानांची चौकट बदलली, म्हणून रेघ तिथे ओढली. पण प्रीमॉडर्नवाल्यांनी नियम मात्र आजचेच ठेवले. पानं जुनी, डाव आजच्या रीतीने. जुनं खेळायचं म्हणजे नेमकं काय जुनं ठेवायचं, याची ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि दोन्ही उत्तरं खेळून खेळून सापडलेली आहेत.

मॅजिकपुढची अडचण गंजिफाच्या अगदी उलट आहे. तिथे खेळणारे भरपूर, पानंच दुर्मीळ. १९९६ साली कंपनीने काही जुनी पानं पुन्हा कधीच छापणार नाही असं वचन दिलं, आणि त्यांच्या किमती गगनाला भिडल्या. ‘ब्लॅक लोटस’ या पानाच्या पहिल्या छपाईच्या सुमारे अकराशे प्रती निघाल्या होत्या. त्यातली एक, चित्रकार ख्रिस्तोफर रश यांची सही असलेल्या आवरणातली, जानेवारी २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरला गेली. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. कागदाच्या तुकड्याला मोल कसं चढतं, हे या गावाला ठाऊक आहे. पण एवढं मोलाचं पान टेबलावर आपटून खेळायचं कसं? म्हणून अनेक ठिकाणी मंडळी खास संग्राहकांसाठी छापलेल्या स्वस्त प्रती चालवून घेतात. कुठे साध्या कागदावरची नक्कलही चालते, समोरच्याला ती स्पष्ट ओळखू आली की झालं. मूळ पान तिजोरीत, डाव मात्र टेबलावर.

गंजिफासाठी हाच धडा उचलण्यासारखा आहे, अगदी मनापासून. सावंतवाडीच्या कारागिराने रंगवलेला संच विकत घ्यावाच. त्यावर त्याचं पोट आहे आणि त्या पानांचं सौंदर्य छापील पानांत येत नाही. पण खेळ शिकण्यासाठी तो संच हातात असलाच पाहिजे असं नाही. जाड कार्डशीटमधून वाटीच्या मापाने १२० गोल कापले, मुलांनी मासे, कासवं, परशू काढले, तर चार दिवसांच्या सुट्टीत घरचा गंजिफा तयार होतो. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे काढता काढता लहान मूल दहाही अवतार तोंडपाठ म्हणायला लागतं. मग पानांचा मळ, दुमडलेल्या कडा, चहाचा डाग, काही झालं तरी जीव हळहळत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दगडावर प्राचीन खेळांचे पट कोरलेले आढळले आहेत. काही पटांचे नियम आजच्या खेड्यांतल्या खेळांवरून ओळखता येतात. काहींपुढे नुसतं उभं राहायचं. खळगे आहेत, रेघा आहेत, पण सोंगटी कुठून कुठे जायची ते सांगणारं कुणी नाही. गंजिफाचं तसं झालेलं नाही. ओडिशात पुरीकडे गंजापा खेळणारी वडीलधारी माणसं अजून आहेत. सावंतवाडीत पानं रंगतात. नियम पुस्तकांत उतरले आहेत. फक्त बसायला भिडू हवेत.

भाऊबीजेच्या त्या घरात पहिला डाव संपेपर्यंत पाच वाजून गेलेले असतील. ४० पानांचा पहिला डाव शिकाऊ मंडळींना दोन तास सहज घेतो. कुणी फराळाचं ताट पुढे करतं, कुणी हातांची मोजणी करतं, कुणी वामनाची सत्ती आपण कधी टाकली यावर वाद घालतं. पुन्हा पिसायचं, वाटायचं. आता उतारी रामाची की कृष्णाची, हे ठरवायला एखादं पोर गच्चीवर धावतं, कारण कार्तिकातला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो.

“बुडाला!” वरून आवाज येतो.

मग ज्याच्या हातात कृष्णाचा राजा आहे, तो पान पुढे सरकवतो.