जोडीने घ्यायचं औषध

सकाळी ९. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात, मी समुपदेशक आहे. कार्ड काढलेली मुलं माझ्या दारासमोरच्या बाकावर बसत नाहीत, जिन्यापाशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहतात. म्हणून मी नाव पुकारत नाही, नंबर पुकारते.

९.३०. बावीस-तेवीसचा मुलगा, हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला. "मॅडम, लघवीला थोडी जळजळ हाये, बाकी काहीच नाही." बाकीचं हळूहळू निघतं. चार दिवसांपासून पू येतोय. मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या, मग भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून 'धातू'चं चूर्णही. त्याच पैशांत महिन्याचा किराणा आला असता. डॉक्टर तपासून करडं किट लिहितात: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. दोन्ही गोळ्या माझ्यासमोरच घ्यायच्या. परमा, म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया दोन्हींवर इलाज आजच, कारण रिपोर्टसाठी तो परत येईल याचा भरवसा नसतो. अर्धवट गोळ्यांचा मला राग येतो. सिप्रोफ्लॉक्सासिनला परमा आता जुमानत नाही. सेफिक्सिमचीही तीच गत झाली तर हातात फार काही उरणार नाही.

११. आता खरी गर्दी. कॉलेजची मुलं, डिलिव्हरीवाले, कळमन्यात माल उतरवणारे, छिंदवाडा-बालाघाटहून आलेले मजूर. पूर्वी गंगाजमुना या वेश्यावस्तीचं नाव निघायचं, आता मुलं ॲप दाखवतात. ती वस्ती पोलिसांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सील केली. वस्ती बंद केल्याने रोग थांबतो, हे मला पटत नाही. बाया पांगतात आणि त्यांच्यापर्यंत निरोध, तपासणी पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांची वाट तुटते.

'लग्न झालं का?' या प्रश्नावर निम्मी माहिती दडून राहते. मी सगळ्यांना एकाच सुरात विचारते: जोडीदार बाई, पुरुष की दोन्ही? समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाही, पण घरची धास्ती तशीच आहे. आणि हे विचारलंच नाही, तर घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग तपासायचं कुणाला सुचणार?

१२.३०. काटोलकडचा तरुण, गाडी चालवतो. दोन महिन्यांपूर्वी लिंगावर फोड आला होता, दुखला नाही, आपोआप भरला. आता तळहातांवर डाग. रक्ताची आरपीआर चाचणी १:३२. गरमी, म्हणजे सिफिलिस. २०२० मध्ये जगात प्रौढांमध्ये याचे सुमारे ७१ लाख नवे रुग्ण होते, २०२२ मध्ये ८० लाख, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इलाज मात्र जुनाच आणि स्वस्त. आधी टेस्ट डोस, मग बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांवर निम्मं-निम्मं. औषध घट्ट, सुई जाड. तो दात आवळून टेबलाची कड धरतो. नंतर अर्धा तास आम्ही त्याला बसवून ठेवतो, रिॲक्शन आली तर हाताशी असावा म्हणून.

त्या अर्ध्या तासात कळतं, बायकोला पाचवा महिना आहे.

एचआयव्हीसाठी रक्त त्याच्या संमतीनेच घेतलं जातं. २०१७ चा कायदा तसं सांगतो, गोपनीयताही मागतो. आज चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा. पण मला घाई बायकोची. तिला लागण झाली असेल आणि इलाज राहिला, तर गर्भ पडू शकतो, मूल मृत जन्मू शकतं. वेळेत दिलेलं पेनिसिलिन बाळापर्यंत पोचतं. "मला बरं वाटलं की तिला सांगतो," तो म्हणतो. मी म्हणते, "भाऊ, तुमच्या बरं वाटण्याची वाट बाळ पाहणार नाही. शिवाय तिला सोडून तुमचा एकट्याचा इलाज केला, तर पुन्हा तिच्याकडून तुम्हाला लागेल."

२ ते ४. डबा, रजिस्टर, सातव्या दिवशी फेरतपासणीला न आलेल्यांना फोन. बरेच नंबर बंद.

४.१५. गाडीवाला गेलेलाच नाही. माझ्या खोलीतून बायकोला फोन लावतो. काहीतरी बहाणा करून तिला आणू, असं त्याचं म्हणणं होतं, मी नाही म्हटलं. सुई तिच्या अंगात जाणार, तर कशाची ते तिला कळायलाच हवं. तो थांबत थांबत सांगतो. पलीकडून बराच वेळ रडणं, मग एकच प्रश्न: बाळाला काही होईल का? फोन मी घेते. उद्या सकाळच्या एसटीने ती आईसोबत येईल. गरोदर मातांच्या ओपीडीतल्या सिस्टरना सांगून ठेवते: आल्याबरोबर रक्त घ्या, रांगेत ताटकळत ठेवू नका.